न तडकलेला बैल

डॉ. विभावरी काळमेघ यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या गौरवग्रंथात पान एकशे बारावर माझा लेख आहे. 'मॅडमचं मन' असं त्याचं नाव. त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. संपादक म्हणाले, गावंडे, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. संस्थेतल्या शंभरेक शास्त्रज्ञांनीही तो वाचला असेल. मातीचा अभ्यास करण्यात ज्यांचा जन्म गेला अशी ही माणसं. पण त्या लेखात नेमकं काय लिहिलं आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. लिहिणाऱ्याच्याही आलं नव्हतं, तेव्हा त्यांना नावं कशाला ठेवू? तीच गोष्ट आता पुन्हा लिहितो. या वेळी कुणी छापणार नाही.

मी प्रल्हाद गावंडे. वऱ्हाडातल्या आमच्या मृत्तिका संशोधन संस्थेत अडतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. शेतातून माती आणायची, चाळायची, वाळवायची, तोलायची आणि मॅडम सांगतील त्यात भरायची, एवढं माझं काम. मॅडम सहसा रागवत नसत. मात्र एका बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. ओव्हनमधून काढल्याशिवाय माती काट्यावर ठेवायची नाही. एकशे पाच अंश, चोवीस तास. माती हवेतलं पाणीसुद्धा पोटात धरून बसते, त्यामुळे ओल्या मातीचं वजन आज एक भरतं, उद्या दुसरं. कोरडी केली की ती खरं बोलते, असं मॅडम म्हणायच्या. त्यांना हे त्यांच्या सरांनी शिकवलं होतं, सरांना त्यांच्या सरांनी. जगातल्या सगळ्या मातीवाल्यांची हीच रीत. आमच्याकडे नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी ओव्हन दाखवायचे, मग संचालकांची खोली.

मॅडमची हयात एका खनिजात गेली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चपलेला चिकटते, ती या खनिजामुळे. त्याचं शास्त्रीय नाव जिभेला न झेपणारं आहे, मी आपला त्याला फुगरं म्हणायचो आणि मॅडम हसायच्या. हे फुगरं म्हणजे पापुद्र्यांची थप्पी. पापुद्रे इतके पातळ की एका केसाच्या जाडीत पन्नास हजार मावतील. पाणी आलं की ते दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. फुगली की तिच्यात चीर राहत नाही, भोक राहत नाही. आपल्याच अंगानं ती सगळं बुजवते, आणि मग पाण्याचा थेंबही पलीकडे जात नाही.

घर बांधणाऱ्यांनी या मातीला जन्मभर शिव्या घातल्या. मॅडमना तिच्यात झाकण दिसलं. तेव्हा छपरांवरची सौर पॅनेलं आणि गाड्यांच्या बॅटऱ्या लाखो टनांनी मरायला लागल्या होत्या. त्यांच्यात शिसं, कॅडमियम, कोबाल्ट. हे जाळता येत नाही, नदीत टाकता येत नाही. टाकत होते, ती गोष्ट वेगळी. मॅडम म्हणाल्या, खोल खड्डा करा, त्याला चार वीत जाडीचं काळ्या मातीचं अस्तर द्या, रोलरनं दाबा आणि कचरा त्यात पुरा. माती तीनशे वर्षं सांभाळेल. आज सात राज्यांत असे एकेचाळीस खड्डे आहेत. सगळे मॅडमच्या पुस्तकाप्रमाणे बांधलेले.

आता लेखातला प्रसंग सांगतो.

सन दोन हजार एकवीस. खड्ड्यांची कल्पना खरी की खोटी हे ठरवणारा प्रयोग सुरू व्हायचा होता. काचेच्या जाड नळ्या, आम्ही त्यांना कॉलम म्हणायचो, अशा चाळीस. प्रत्येकात वीतभर माती दाबून भरायची, वरून बॅटऱ्यांचा भुगा मुरवलेलं पाणी दाबानं सोडायचं आणि खालचा कापूस ओला होतो का ते वर्षानुवर्षं पाहायचं. माती सगळी धामणखेडच्या शिवारातली. मॅडम दिल्लीला गेल्या होत्या आणि सोमवारी कॉलम चालू करायचे होते. शनिवारी ओव्हनची कॉइल जळाली. सत्तावीस नंबरचा ट्रे तेवढा वाळायचा राहिला होता. मी तेव्हा हंगामी होतो, कायम होण्याची फाइल वर अडकली होती. काम अर्धवट राहिलं म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. मी ती माती तशीच ओली, शेतातून आली तशी भरली. वजनाच्या रकान्यात अंदाजानं आकडा टाकला.

चौथ्या वर्षी एका सकाळी सत्तावीसचा कापूस ओला सापडला. बाकीचे एकोणचाळीस ठणठणीत. मॅडमनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "गावंडे, यात काय वेगळं केलं होतं?" मी खरं ते सांगितलं. नियमाप्रमाणे मला मेमो मिळायला हवा होता, आणि मेमो मिळालेल्या हंगामी माणसाची फाइल कायमची बंद होते. मॅडमनी रजिस्टर पुढे ओढलं. मग पेन घेऊन सत्तावीससमोर लिहिलं, 'संच सदोष. सबब वगळला.' माझं नाव कुठेही नाही. दोन महिन्यांत मी कायम झालो. लेखाचा शेवट मी असा केला होता की त्या चार शब्दांवर माझं घर उभं आहे.

धामणखेड हे माझ्या धाकट्या बहिणीचं, छायाचं, सासर. बत्तीस साली पहिला खड्डा तिथं करायचं ठरलं तेव्हा ती सरपंच होती. गाव तयार नव्हतं. तिनं मला फोन केला. "भाऊ, मले त्या कागदातलं काई समजत नाही. तू सांग. तू सांगशीन तं मी ठराव मांडते."

मी ग्रामसभेला गेलो ते एक कॉलम घेऊनच. वर अकरा वर्षं उभं असलेलं लाल रंगाचं पाणी, मधे वीतभर काळी माती, खाली पांढरा कोरडा कापूस. तो कापूस मी काढून लोकांच्या हातात दिला. एक म्हातारे उठून म्हणाले, "साहेब, तू पेशीन काय मंग त्या खड्ड्याखालचं पानी?" मला कुणी साहेब म्हणायची ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, "बाबा, माझी बहीण याच गावात राहते. तिची नातवंडं याच विहिरीवर वाढतील. याच्यावर मी काय सांगू?" ठराव मंजूर झाला. छायानं सही केली आणि माझ्याकडे पाहून हसली. मलाही फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी खड्डा भरून बंद झाला. पहिली दहा वर्षं आसपासच्या विहिरी दरवर्षी तपासत. पुढे तपासणी पंधरा वर्षांतून एकदा केली, कारण माती मॅडमची होती.

यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी छाया बसनं माझ्याकडे आली. धामणखेडात आता एकही खरा बैल नाही, पेरणीपासून सगळं यंत्रं करतात. पण पोळा आला की घरोघरी मातीचा बैल लागतोच. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक बैल काढून टेबलावर ठेवला. वीतभर लांब, शिंगांना बेगड, कान पानासारखे पातळ.

"पाह्य भाऊ, यंदा कसा झाला बैल."

"राख किती घातली?" मी विचारलं. काळ्या मातीचा बैल वाळताना फुटतो. निम्मी राख घातली तरी पोटाला चीर पडते. लहानपणापासून आम्ही हेच पाहत आलो.

"राख नाई अन् काई नाई. नुसती माती. सात केले, एकबी फुटला नाही. शेजारीण म्हणे, छायाबाई, हात बसला तुमचा."

"माती कुठची घेतली?"

"खड्ड्याचीच. खड्डा बांधून उरलेला तो नेहमीचा ढीग पारसाल संपला. यंदा केबलवाल्यायनं खालच्या अंगाचा काठ खोदला, तिथची आणली. लय गुणाची माती हाये. लोण्यावानी मळते."

मी बैल हातात घेऊन उलटापालटा केला. कुठे चीर नव्हती. जी माती वाळताना फाटत नाही, ती ओली असताना फुगलेली नसते. जी फुगत नाही, ती काही बुजवत नाही. ढिगातली माती खड्ड्याबाहेर पडून होती, ती शेवटपर्यंत फुटत राहिली. काठाची माती अस्तराची होती आणि ती फुटत नव्हती. एवढं समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.

छाया नातीचं, रेवाचं, कौतुक सांगत होती. चार वर्षांची आहे, बैलाला घास भरवत होती म्हणे. निघताना तिनं सहज विचारलं, "भाऊ, दोन-तीन वर्षांपासून विहिरीच्या पान्याले कडवट चव येऊन राह्यली. काई करा लागते काय?"

त्या क्षणी मी तिला सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मातीचा बैल फुटला नाही म्हणून गाव सोड? आपण कुणालाही म्हणतो तसं मी म्हणून गेलो, "उकळून पेत जा."

"हाव. आजपासूनच," ती म्हणाली. भावानं सांगितलं की तिच्या लेखी विषय संपतो.

ती गेल्यावर मी बैलाचा एक खूर कुटून दहा ग्रॅम पूड केली. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला शंभर मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर माझ्याकडे आहे, त्यात मी पेनं ठेवतो. पेनं काढून त्यात पाणी भरलं आणि पूड सोडली. धामणखेडची काळी माती दुसऱ्या दिवशी फुगून साठाच्या रेघेला यायची, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. ही बाराच्या रेघेवर बसली आणि तिथंच राहिली.

बैल घेऊन मी मॅडमच्या घरी गेलो. त्या व्हरांड्यात सत्काराच्या भाषणाची टिपणं काढत बसल्या होत्या. बैल पाहून "छान आहे हो," म्हणाल्या. मग सवयीनं त्यांनी त्याचा कान मोडला, बोटावर ओला करून चोळला, आणि चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

"गावंडे, ही कुठली?"

"धामणखेडची. अस्तराची."

त्यांनी चष्मा बदलला आणि रिक्षा बोलवायला सांगितली. संस्थेत पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना क्ष-किरण यंत्र नाकारण्याची कुणाची हिंमत नव्हती. पडद्यावर एक रेघ उमटते, ती पापुद्र्यांमधलं अंतर सांगते. फुगऱ्याची रेघ सतराला यायला हवी. ती दहाला आली. मॅडमनी नमुना पुन्हा बनवला. पुन्हा दहा. तिसऱ्यांदाही दहा.

"पापुद्रे बंद झालेत," त्या म्हणाल्या. मग मला समजावं म्हणून, की स्वतःला समजावं म्हणून, त्या हळूहळू बोलत राहिल्या. पापुद्र्यांच्या मधे पोटॅशियम अगदी चपखल बसतं. बसलं की कडी लागते, पाणी पुन्हा आत शिरत नाही. पण त्यासाठी पापुद्र्याचा विद्युतभार बदलावा लागतो, आणि ते जमिनीच्या पोटात, उष्णतेत, लाखो वर्षांत होतं. पुस्तकात तसं आहे. "मात्र मातीत काही जिवाणू असतात. हवा नसली की ते पापुद्र्यातल्या लोखंडावर जगतात. त्यांनी लोखंडाला हात लावला की भार बदलतो. पोटॅशियम तर बॅटऱ्यांमध्ये भरपूर आहे. आपणच आणून दिलं." त्यांनी पुन्हा रेघेकडे पाहिलं. "पण मग आपल्या चाळीस कॉलमांत हे का झालं नाही?"

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ओव्हन आठवायला फार वेळ लागला नाही. एकशे पाच अंशांवर चोवीस तास ठेवल्यावर मातीत जिवंत काय राहणार? एकोणचाळीस नळ्यांमध्ये आम्ही मेलेली माती तपासली होती. जिवंत माती एकाच नळीत होती, तीच पाझरली, आणि ती आम्ही वगळली. खड्ड्यांवर मात्र माती ट्रकनं शेतातून आली, ओली, जिवाणूंसकट. लाखो टन माती भाजणार कोण?

"मी तुमची नोकरी वाचवली होती," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मेमो दिला असता तर चौकशी झाली असती. चौकशीत तो कॉलम पुन्हा लावावा लागला असता. ओला आणि वाळलेला, शेजारी शेजारी." त्यांचा आवाज चढला नाही. "दोन ओळींचा मेमो."

अठ्ठावीस वर्षं ज्या उपकाराखाली मी वाकून चाललो, तो उपकार नव्हता. मॅडमनी गौरवग्रंथाचं आमंत्रण उलटं करून त्यावर हिशेब मांडला. वीतभर मातीला चार वर्षं लागली. खड्ड्याला चार वीत आहे, म्हणजे सोळा. तेहेतीस अधिक सोळा, एकोणपन्नास; आता त्रेपन्न. "चार वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या.

मला रेवाचं वय आठवलं.

छाया आपली पाण्याची बाटली माझ्याकडे विसरून गेली होती. ते पाणी मॅडमनी तपासलं. कॅडमियम मर्यादेच्या नऊपट, कोबाल्टही बरंच. "एका बाटलीवर काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी एकदा मी घाईनं चार शब्द लिहिले. आता खात्री होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. तुम्हीही नाही." मी मान हलवली. त्यांनी सांगावं आणि मी मान हलवावी, याची अडतीस वर्षांची सवय.

पण त्या रात्रीपासून मला एक गोष्ट खायला लागली. उकळल्यानं जंतू मरतात. धातू मरत नाही. पाणी आटतं तेवढा तो दाट होतो. हे मला ठाऊक होतं; प्रयोगशाळेत पाणी आटवून धातू मोजायचं काम मीच करायचो. छायाला फोन करून 'उकळू नको' म्हणावं, तर ती 'काऊन?' म्हणून कारण विचारणार. म्हणून मी फोन केला नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज टाळायचो. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

पुढचे पाच आठवडे मॅडमनी त्या वयात मजुरासारखं काम केलं. दुसऱ्या तीन खड्ड्यांवरून माती मागवली. दोन खड्ड्यांची रेघ दहाला, तिसऱ्याची मधे कुठेतरी, म्हणजे दहाच्या वाटेला निघालेली. त्यांनी उपाय शोधले. बंद झालेला पापुद्रा उघडतो का? नाही. वरून नवं अस्तर द्यावं? पाणी खालून गेलं आहे. कचरा उपसून दुसरीकडे न्यावा? एका खड्ड्याला वीस वर्षं, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे? जगाचा तर याच मातीवर विश्वास आहे. खालच्या काळ्या दगडाच्या भेगांतून पाणी कसं पसरेल याचा नकाशा त्यांनी काढला. धामणखेडच्या खालची एकोणीस गावं त्या नकाशात आली. उन्हाळ्यात गावाचा टँकर भरतो ती विहीरही त्यातच होती. एका दुपारी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "गावंडे, माझ्याजवळ काही नाही." मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. शाल, श्रीफळ, ग्रंथाचं प्रकाशन. मॅडम भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं वाचून दाखवलं. ओव्हन, सत्तावीस नंबर, रेघ, पाणी. अकरा मिनिटं. "माझं संशोधन चुकलं आहे आणि त्याखाली माणसं राहत आहेत," हे शेवटचं वाक्य. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, एवढ्या उंचीवर पोचूनही स्वतःला विद्यार्थी समजणारा हा प्रांजळपणा आजच्या पिढीनं शिकावा. नंतर जेवण होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मॅडमचा शालीतला फोटो आला आणि खाली मथळा, 'मातीत अजून पुष्कळ शिकायचं आहे: डॉ. काळमेघ'. छायानं मला तो फोटो मोबाइलवर पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'भाऊ, मागे तू पण दिसून राह्यला.'

सभागृहाबाहेर मॅडम मला म्हणाल्या, "आता मी बोलले आहे. जा, बहिणीला सांगा." मी म्हणालो, भाऊबीजेला जाणारच आहे. इतके दिवस गेलेत, आणखी थोडे. हे मी खरंच म्हणालो.

मधल्या दिवसांत सरकारी पत्र आलं. एवढी तत्परता मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. समिती नेमली होती. प्रयोग पुन्हा करायचा, चाळीस कॉलम, स्वतंत्र प्रयोगशाळेत. निष्कर्ष येईपर्यंत लोकांत घबराट पसरेल असं काही जाहीर करू नये. मॅडमनी पत्र मला वाचायला दिलं आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. 'नमुने प्रमाणित पद्धतीनुसार १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून घ्यावेत.' हे वाक्य त्यांच्याच पुस्तकातलं होतं, शब्द न् शब्द. त्यांनी लगेच हरकत लिहून पाठवली. उत्तर आलं की प्रमाणित पद्धत बदलायची तर पुरावा हवा, आणि पुरावा प्रमाणित पद्धतीनं मिळवलेला हवा. मॅडम एकदाच हसल्या. त्यांनी आता आपल्या व्हरांड्यात बारा कॉलम लावले आहेत, न वाळवलेल्या मातीचे. निकाल यायला चार वर्षं लागतील. तेव्हा त्या एकोणऐंशीच्या असतील.

भाऊबीजेला दुपारी बाराच्या सुमारास मी धामणखेडला पोचलो. छायाच्या अंगणात चुलीवर भलं मोठं पातेलं होतं आणि त्यात पाणी खळखळत होतं. शेजारच्या अंगणातही तसंच. पलीकडेही.

"ये भाऊ, ये." तिनं पायरीवरच माझ्या हाती पाण्याचा पेला दिला. "उकळून गार केलेलं हाये. तू सांगतलं तवापासून आमी बिनउकळलेला थेंब पेलो नाही. रेवाले तं मी दोनदा उकळून देते. निम्मं आटेपर्यंत. पुरी गल्ली उकळून पेते आता, तुह्या नावानं."

मी पेला खाली ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. मग सगळं सांगितलं. बैल, पापुद्रे, सत्तावीस नंबर, मॅडमचे चार शब्द, बाटलीतलं पाणी. पत्राचंही सांगितलं. पातेल्याखालचा जाळ फडफडत होता. ती उठली, तिनं लाकडं मागे ओढली आणि पुन्हा येऊन बसली.

"तुले कवा समजलं?"

"बैल आणला त्याच दिवशी."

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "दोन महिने," ती म्हणाली. "अन् उकळून?"

"उकळून कमी होत नाही, छाया. वाढते."

"हे तुले तवा ठाऊक होतं?"

"हो."

घरातून रेवाचा आवाज येत होता, ती बैलाशी काहीतरी बोलत होती. पोळ्याच्या सातांतला एक बैल अजून तिच्याकडे होता, जसाच्या तसा शाबूत. छायानं तिकडे पाहिलं, मग गल्लीतल्या चुलींकडे पाहिलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"मंग आमी प्यावं काय?" तिनं विचारलं. रागानं नाही. बत्तीस साली फोनवर विचारलं होतं तसंच, सरळ, मी सांगेन ते करायच्या तयारीनं.

टँकर भरतो ती विहीरही नकाशातच होती. गाव सोडा म्हणावं, तर आठशे माणसांनी कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली.

ती आत गेली आणि ओवाळणीचं ताट घेऊन आली. निरांजन तिनं सकाळीच भरून ठेवलं होतं. "बस पाटावर," ती म्हणाली. मी बसलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. तिनं सगळं रीतीनं केलं. माझ्या पिशवीत तिच्यासाठी घेतलेली साडी होती, ती काढायचं मला सुचलं नाही.

पायरीवर पेला तसाच होता. 'पेशीन काय' विचारणारे ग्रामसभेतले ते म्हातारे आता नाहीत. मी पेला उचलला आणि शेवटपर्यंत प्यालो. खरंच कडवट होतं. छाया पाहत उभी होती, तिनं अडवलं नाही.

"आणखी देऊ?" तिनं विचारलं.

मी पेला पुढे केला.